चालत्या मेंढरांची दुखणी

दिवाळी आटोपते, भाताची कापणी-झोडणी उरकते, आणि आपल्या नवीन पनवेलच्या पूर्वेला नेरे, वाजे, मालडुंगे या अंगाच्या मोकळ्या खाचरांत मेंढरांचे कळप दिसू लागतात. रस्त्यात कळप आडवा आला की रिक्षा थांबते, आतली मंडळी घड्याळाकडे पाहून कुरकुरतात, आणि दोन मिनिटांनी सारे विसरून जातात. आपल्यापैकी बहुतेकांचा मेंढरांशी संबंध एवढाच. कॉलेजच्या अंकात, त्यातून कला शाखेच्या विद्यार्थिनीने, मेंढरांच्या आजारांवर लिहावे याचे कोणाला नवल वाटले तर मी त्यांना दोष देणार नाही.

हे कळप देशावरचे असतात. बारामती, पुरंदर, फलटण, तिकडे पारनेर या कोरडवाहू मुलखातून धनगर मंडळी पावसाळ्यानंतर घाट उतरून कोकणात येतात आणि मृगाच्या आत परत वर जातात. रिकाम्या खाचरात रात्री मेंढरे बसवली की लेंडी-मुताचे उत्तम खत मिळते. त्याच्या मोबदल्यात शेतकरी तांदूळ देतो किंवा रोख पैसे देतो. माझे वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला लागले म्हणून आमचे बिऱ्हाड इथे स्थिरावले, परंतु माझे चुलते तात्या आणि काकी हा फेरा अजून करतात. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. त्यांतल्या फार मोठ्या भागाचे वर्षातले निम्मे दिवस रस्त्यावर जातात.

रोगांची यादी कोणत्याही सरकारी पुस्तिकेत मिळते, ती मी इथे उतरवत नाही. तात्यांच्या वाड्यावर (वाडा म्हणजे चार-सहा कुटुंबांचा एकत्र मुक्काम) ऐकलेले आणि नंतर पुस्तकांतून व डॉक्टरांकडून ताडून घेतलेले एक सूत्र मात्र सांगायचे आहे. मेंढराचा जवळजवळ प्रत्येक रोग एका ठराविक जागेचा आणि ठराविक महिन्याचा असतो. आमचे मेंढरू तर दर महिन्याला जागा बदलते. त्यामुळे रोग लागतो एका ठिकाणी, दिसतो दुसऱ्या ठिकाणी, आणि औषध मागितले जाते तिसऱ्याच ठिकाणी.

सोप्या दुखण्यापासून सुरुवात करते. दख्खनी मेंढीचे खूर मुरमाड, कोरड्या जमिनीसाठी घडलेले आहेत. कोकणातल्या ओलसर बांधावर, ओढ्याकाठी ती दिवसचे दिवस उभी राहिली की दोन नख्यांमधली कातडी मऊ पडते, तेथे जंतू शिरतात आणि खूर आतून सडू लागतो. त्याला घाण वास येतो. मेंढी आधी लंगडते, मग गुडघे टेकून चरते. गुडघ्यावर चरणारी मेंढी दिसली की पुढे काही पाहावे लागत नाही. सडलेला भाग खरवडून मोरचुदाच्या पाण्यात पाय बुडवणे हा जुना उपाय आजही खरा आहे: दहा लिटर पाण्याला अर्धा किलो मोरचूद. मात्र मोरचुदात तांबे असते, आणि तांब्याचे विष मेंढीला इतर जनावरांपेक्षा फार लवकर बाधते. म्हणून तहानलेली मेंढरे त्या पाण्याला तोंड लावणार नाहीत, अशी आधी पाणी पाजून मगच पाय बुडवायचे असतात. ही गोष्ट वाड्यावरच्या सगळ्यांना माहीत नव्हती.

कोकणातले खरे लबाड दुखणे पर्णकृमीचे. हा कृमी झाडाच्या पानासारखा चपटा असून मेंढीच्या यकृतात राहतो. त्याची अंडी लेंडीतून बाहेर पडतात, पाण्यात उबतात, आणि त्यांतून निघालेले सूक्ष्म जीव पाण्यातल्या लहान गोगलगाईच्या अंगात शिरतात. गोगलगाय मिळाली नाही तर ते मरतात. मिळाली तर तिच्या अंगात एकाचे शेकडो होतात, पुन्हा पाण्यात येतात आणि काठच्या गवताला चिकटून बसतात. भातखाचरे आणि त्यांच्या कडेचे पाझर म्हणजे या गोगलगाईंचे माहेरघर. माघ महिन्यात सगळीकडचे गवत वाळते आणि ओढ्याच्या काठी तेवढी हिरवी पट्टी उरते. भुकेले मेंढरू तिथेच धावणार.

गिळलेला कृमी पूर्ण वाढायला तीन-चार महिने घेतो. म्हणजे माघात पनवेलला गिळलेला कृमी ज्येष्ठात त्रास देतो, आणि तेव्हा कळप घाट चढून गावाकडे पोचलेला असतो. मेंढी खंगते, लोकर सहज उपटून येते, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबू लागते. गावाकडची माणसे म्हणतात, इथल्या तळ्याचे पाणी बाधले. तळे बिचारे निर्दोष असते! मग दुकानातून जंताचे औषध आणले जाते. पण पोटातल्या जंतांवर चालणारे प्रत्येक औषध पर्णकृमीवर चालत नाही, आणि जी चालतात त्यांतली काही फक्त वाढ झालेल्या कृमीलाच मारतात. नेहमीच्या वापरातले अल्बेंडाझोल तर गाभण मेंढीला पहिल्या महिन्यात देऊच नये, कारण पोटातल्या पिलाला व्यंग येण्याची भीती असते. म्हणून डॉक्टरांना पहिल्यांदा सांगायचे ते हे की ‘आम्ही मार्चपर्यंत कोकणात होतो.’ हे एक वाक्य कळले की डॉक्टर लेंड्या तपासायला मागतात. न कळले तर हाताशी असलेले औषध देतात, आणि त्यात त्यांचीही चूक नसते.

जबड्याखाली पाणी उतरण्याचे आणखी एक कारण आहे. चौथ्या पोटात राहणारा, तारेसारखा बारीक, रक्त पिणारा जंत. असा एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. हे काहीच नाही असे वाटेल, पण हजार जंत म्हणजे रोजचे ५० मिलिलिटर, आणि पंचवीस किलोच्या मेंढीच्या अंगात रक्तच असते दीड-दोन लिटर. हा जंत पावसाळ्यातला, हिरव्या गवतातला. गंमत अशी की यात मेंढीला हगवण लागतेच असे नाही, त्यामुळे पोटाचा विकार म्हणून कोणी पाहतच नाही. डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहायचा: लालसर असला तर ठीक, पांढरा फटक पडला असेल तर रक्त गेले. दक्षिण आफ्रिकेत यासाठी पाच रंगांचे एक कार्ड तयार केले गेले असून फिक्या पापणीच्या मेंढीलाच औषध द्यायचे, अशी त्यामागची युक्ती आहे. सगळ्या कळपाला पुन्हा पुन्हा, तेही अंदाजाने कमी मात्रेत, एकच औषध पाजले की त्याला दाद न देणारे जंत तेवढे उरतात आणि वाढतात. तात्या पापणी पूर्वीपासूनच पाहत. कार्ड त्यांना मी दाखवले तेव्हा ते म्हणाले, “ह्यो तर आमचाच धंदा हाय, नुसता रंगवलाय.”

कोकरांचा विषय मात्र बायकांचा. पुरुष मेंढरे घेऊन चरायला जातात तेव्हा लहान कोकरे वाड्यावर जाळीच्या आत ठेवलेली असतात आणि त्यांची दुखणी सर्वांत आधी काकी-आजींना कळतात. आमची आजी म्हणायची, “कोकरू हुभं ऱ्हायलं की पयला चीक त्याच्या पोटात गेला पायजे, मग बाकीचं जग.” यामागचे शास्त्र मला फार आवडले. माणसाच्या बाळाला रोगाशी लढणारे घटक थोडेफार आईच्या पोटातच मिळतात. मेंढीच्या वारेतून मात्र ते पिलात उतरत नाहीत. कोकरू या बाबतीत अगदी रिकाम्या हाताने जन्माला येते. त्याचा सारा साठा चिकात असतो, आणि तो शोषून घेण्याची कोकराच्या आतड्याची ताकद एका दिवसात संपते. पहिल्या दोन-तीन तासांत सर्वांत चांगली. अडीच-तीन किलोच्या कोकराला पहिल्या चोवीस तासांत वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे पाव लिटर किंवा थोडा जास्त चीक मिळायला हवा. मुक्काम हलवायच्या दिवशी वाटेत व्यालेल्या मेंढीचे कोकरू घोड्यावरच्या बिऱ्हाडात टाकून पुढे नेले जाते आणि आईची गाठ संध्याकाळी पडते. तोवर दिवस गेला. आठवड्याभराने हगवणीने किंवा फुफ्फुसाच्या सुजेने ते मरते, तेव्हा त्या वाटेवरच्या दिवसाची आठवण कोणाला राहत नाही. म्हणून काकी आता अशा कोकरासाठी आधी चीक पिळून वाटीने पाजतात आणि मग घोडा हाकतात. आईला दूधच नसले तर कळपातली व्यालेली शेळी उपयोगी पडते. मेंढरांत चार शेरडे ठेवण्याची आमची रीत केवळ चहाच्या दुधासाठी नाही.

जुळ्यांच्या बाबतीत हे दुप्पट खरे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. दोन कोकरे म्हणजे दुप्पट पैसा, हे खरे. पण चीक दोघांत वाटला जातो, आणि दुबळे कोकरू मागे राहते. तिथे बाईचे लक्ष लागतेच.

पौषातले दव आणि पहाटेचा वारा हेही कोकरांचे वैरी. थंडीपेक्षा ओल वाईट. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला अवेळी पाऊस आणि गार वारा एकदम आला, तेव्हा पुणे जिल्ह्यात आणि त्या वेळच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात शेकडो मेंढ्या उघड्यावर गारठून मेल्या. त्याला कोणताही जंतू कारण नव्हता. भिजलेली लोकर आणि डोक्यावर छप्पर नाही, एवढे पुरेसे झाले. ओठांवर खपल्या धरणारा ‘मावा’ हा रोग मात्र जंतूचा. कोकराला आचळ धरता येत नाही, आईच्या सडांनाही खपल्या येतात, आणि पाजणाऱ्या बाईच्या बोटांवरही फोड उठतात. तीन-चार आठवड्यांत तो आपोआप बरा होतो. तोवर कोकरू उपाशी मरू नये, हीच त्याची चिकित्सा. देवीसाठी लस आहे. फाशी हा रोग माणसालाही होतो, म्हणून एकाएकी मेलेल्या आणि नाकातोंडातून काळे रक्त गळणाऱ्या जनावराला चाकू लावू नये. यापेक्षा जास्त इथे लिहीत नाही.

आता आंत्रविषार. या एका रोगासाठी मी हा लेख लिहायला घेतला, असे म्हटले तरी चालेल. लहानपणी मी वाड्यावर ऐकलेली सर्वांत मोठी भीती रोगाची नव्हती, नजरेची होती. कळपातले सर्वांत देखणे, गुबगुबीत, भर दूध पिणारे कोकरू संध्याकाळी उड्या मारत असते आणि सकाळी मान मागे टाकून, पाय ताणून मेलेले सापडते. अशक्त, मरतुकडे कोकरू शेजारीच जिवंत असते! जो देखणा तोच जातो, तर मग नजर नाही तर काय? मिरच्या-मीठ ओवाळले जाई. आदल्या दिवशी कळपाचे कौतुक करून गेलेल्या एखाद्या बाईचे नाव कुजबुजत घेतले जाई, आणि एका वाड्यातली दोन घरे त्यावरून वर्षभर बोलत नसत. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

वस्तुतः हे निरीक्षण अचूक होते. आंत्रविषाराचा जंतू निरोगी मेंढीच्या आतड्यातही थोड्या प्रमाणात असतो आणि गुपचूप राहतो. मेंढीने एकाएकी भरपूर कोवळे गवत, पडलेली कणसे किंवा पोटभर दूध घेतले की न पचलेला सकस भाग आतड्यात उतरतो. त्यावर हा जंतू बेसुमार वाढतो आणि विष सोडतो. ते रक्तात जाऊन मेंदूपर्यंत पोचते. काही तासांत सारे संपते. जे जास्त खाते ते आधी मरते, आणि जे जास्त खाते तेच देखणे असते. बायकांनी पाहिले ते खरेच होते, फक्त मधली कडी त्यांना दिसत नव्हती, कारण ती आतड्यात होती. मी हे काकींना सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हंजी रखमानं काय केलं न्हवतं.” (रखमा हे नाव मी बदलले आहे.)

या रोगावर उपचाराला वेळच मिळत नाही, पण लस चांगली आहे, स्वस्त आहे आणि पुण्याला औंधच्या सरकारी संस्थेत तयार होते. पावसाळ्याच्या आधी ती टोचायची असते. पहिल्यांदाच देताना दोन मात्रा, मध्ये पंधरा ते एकवीस दिवस, नंतर दर वर्षी एक. गाभण मेंढीला शेवटच्या महिन्यात दिली तर तिचे संरक्षण चिकातून कोकरालाही मिळते. मृगाच्या पहिल्या सरीनंतर आठ-दहा दिवसांत माळावर जे लुसलुशीत गवत उगवते तेच घातक असते, म्हणून लस त्याच्या बऱ्याच आधी अंगी लागलेली हवी. हिशेब केला तर टोचणीचा महिना येतो वैशाख. आणि वैशाखात आमची मेंढरे कुठे असतात? बोरघाटाच्या रस्त्यावर. कोकणात असताना ‘गावाला जाऊन टोचू’ म्हणायचे, आणि गावी पोचेपर्यंत पाऊस पडलेला असतो.

पीपीआरची गोष्ट अशीच. जुनी माणसे गुरांच्या बुळकांडीची आठवण काढतात. तो रोग २०११ साली जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. पीपीआर हा त्याचाच भाऊबंद, शेळ्या-मेंढ्यांचा. ताप, नाका-डोळ्यांतून चिकट स्राव, तोंडात चट्टे, मग हगवण व दम. १९४२ साली आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये त्याची पहिल्यांदा नोंद झाली, भारतात १९८७ साली तमिळनाडूत. हिमाचलातल्या सुंग्री येथे सापडलेल्या विषाणूपासून आपल्याच देशात मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत लस बनली असून एक टोचणी तीन वर्षे तरी पुरते. जगातून हा रोगही २०३० पर्यंत घालवायचे २०१५ मध्ये ठरले आहे. नीलजिव्हा या रोगाची भारतातली पहिली नोंद तर आपल्या महाराष्ट्रातलीच, १९६४ ची. ओठ आणि जीभ सुजते, कधी जीभ निळसर पडते, मेंढी लंगडते. तो शिवण्याने पसरत नाही, चिलटांसारख्या बारीक माश्यांमुळे पसरतो. म्हणून पावसाळ्याच्या अखेरीस, चिखलाच्या जवळ मुक्काम असला की तो हमखास येतो. मुक्काम उंच, वाऱ्याच्या जागी न्यावा आणि संध्याकाळी धूर करावा, एवढे धनगराच्या हाती असते.

कुत्र्याविषयी थोडे. मेंढरू एकाच बाजूला गोल गोल फिरू लागले, भिंतीला डोके टेकून उभे राहिले, तर बाहेरची बाधा समजतात. वास्तविक त्याच्या मेंदूत पाण्याची गाठ झालेली असते, आणि ती होते कुत्र्याच्या पोटातल्या पट्टकृमीच्या अंड्यांमुळे. मेलेल्या मेंढराचे डोके आपण राखणीच्या कुत्र्याला टाकतो, गाठीतला कृमी कुत्र्याच्या पोटात वाढतो, अंडी गवतावर पडतात, आणि फेरा पुरा होतो. डोके पुरले किंवा जाळले आणि कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताची गोळी दिली तर हा रोग कळपातून जातो. जातिवंत कुत्र्याला गोळी द्यायला तात्या अजून खळखळ करतात.

राहता राहिला प्रश्न लशीचा. गेल्या पौषात कोकरे आजारी पडली तेव्हा तात्या एका गुरांच्या दवाखान्यात गेले. तेथे वहीत गावाचे नाव लिहायचे होते. तात्यांनी आपल्या गावाचे नाव सांगितले, तेव्हा लस मोजून येते, तुम्ही तुमच्या तालुक्यात घ्या, असे उत्तर मिळाले. दवाखान्याचे नाव मी लिहीत नाही. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरीणबाई स्वतः खाचरात आल्या आणि दिवसभर चिखलात उभ्या राहिल्या, हेही लिहायला हवे. त्यांच्याकडून मला अडचणीची दुसरी बाजू कळली. लस बर्फाच्या पेटीत दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. पीपीआरची कुपी एकदा कालवली की थोड्या वेळात संपवावी लागते, आणि एका कुपीत पन्नास किंवा शंभर मात्रा असतात. कोणी साठ मेंढरे घेऊन एकटा गेला तर बाकीच्या मात्रा फुकट जातात. वाड्यातली सगळी खांडे एके दिवशी, एके जागी उभी केली तर डॉक्टरांना येणे परवडते. १९६२ हा क्रमांक लावला की फिरता पशुवैद्यकीय दवाखाना येऊ शकतो. त्याला मात्र मुक्काम नेमका कुठे आहे, ते सांगता आले पाहिजे.

म्हणून मी एक वही घातली आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली. घोड्यावरच्या सामानात ती भाकरीच्या टोपल्याशेजारी असते. तीत कोणत्या तारखेला कोणती लस, कोणते औषध किती, मुक्काम कुठे, ओढ्याकाठी किती दिवस चारले, कोणती मेंढी कधी व्याली हे लिहिले जाते. लिहिण्याचे काम तात्यांच्या चौथीतल्या मुलीकडे आहे. तिला ‘आंत्रविषार’ लिहिता येत नाही, ती ‘नजर’ असेच लिहिते, आणि मला ते कळते.

यंदा आंत्रविषाराची पहिली मात्रा चैत्रात, पनवेलच्या खाचरांतच द्यायची असे वाड्याने ठरवले आहे. सहा कुटुंबांची सगळी खांडे नेऱ्याच्या बाजूला एकत्र येतील. दुसरी मात्रा वीस दिवसांनी, घाट चढण्यापूर्वी, खोपोलीच्या मुक्कामावर. तिथे बर्फाची पेटी कोणाकडून मिळेल, हे विचारून ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आहे.